तहसीलदाराचा कासरा

गेल्या वर्षी पेठेजवळच्या एका यात्रेत, भर घाटात आणि अख्ख्या दोन तालुक्यांच्या देखत, तहसीलदाराने समर्थला पालथा पाडून फरफटत नेलं. तहसीलदार म्हणजे खोडदच्या रामनाथचा शर्यतीचा बैल. खोंड असल्यापासून तो आधी काही खायला घातल्याशिवाय जागचा हलत नसे, म्हणून रामनाथने विचारपूर्वक ठेवलेलं नाव. आणि समर्थ म्हणजे रामनाथचा मुलगा. तो न खाताही हलायचा, आणि पुढचं सगळं त्यामुळेच घडलं.

घाट म्हणजे बैलगाड्याची चढाची धाव. गाड्याला चार बैल. निशाण पडेपर्यंत पुढच्या जोडीच्या तोंडाशी दोन माणसं कासरा धरून उभी राहतात. काम ऐकायला सोपं आहे. पिकअपएवढं जोरकस जनावर उसळ्या मारत असताना ते जागेवर ठेवायचं, निशाण पडलं की हात सोडायचा आणि बाजूला उडी टाकायची. समर्थला धरणंच जमलं नाही. निशाणाच्या आधी बैल सुटला, बारी, म्हणजे गाड्याची ती धाव, बाद झाली, आणि समर्थची हनुवटी जमीन नांगरत असल्याचा व्हिडिओ कुणीतरी लग्नातला बँड लावून सगळीकडे पाठवला. त्या दिवसापासून आळेफाट्यापासून मंचरपर्यंत त्याचं नाव पायपुसणं पडलं.

हनुवटीचे टाके निघाले त्या दिवशी रामनाथ म्हणाला, "पुढल्या यात्रेला आजून येक डाव देतो तुला. न्हाई धरलास तर कासरा भागूच्या हातात. कायमचा."

भागू हा चुलतभाऊ. अंगाने काटकुळा, टोमॅटोचे क्रेट उचलायचा, भाकरी मोजून खात नसे आणि जेवण झालं की जागा मिळेल तिथे घोरायचा. तो बैलाच्या तोंडाशी उभा राहिला की बैल गप्प राही. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. भागूला तर मुळीच नाही. समर्थला ही गोष्ट हनुवटीच्या टाक्यांपेक्षा जास्त सलायची.

दुसऱ्या दिवशी तो आळेफाट्याला हमजाच्या जिममध्ये दाखल झाला.

जिम टायरच्या दुकानाच्या वर होती. खाली लोखंडी पहारीने टायर रिमपासून सोलायचे, वर माणसं. हमजा मूळचा जुन्नरचा. वडिलांचा कापडाचा धंदा सोडून त्याने हे काढलं होतं. दारातच काचेच्या कपाटात पावडरचे डबे रचलेले. समर्थने पहिल्याच आठवड्यात तीन उचलले: एक स्नायू वाढवायचा, एक ताकद वाढवायचा, आणि तिसरा व्यायामाच्या आधी घ्यायचा. त्याचं नाव 'रणगाडा'. त्यावर कातडी सोललेल्या माणसासारखा दिसणारा माणूस दात विचकून उभा होता. चव कलिंगडाची. पाण्यात टाकली की लालगुलाबी फेस यायचा, आणि प्यायल्यावर कान गरम व्हायचे, चेहऱ्यावर मुंग्या चालायच्या आणि समोर दिसेल त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

हमजा स्वतःच डबे विकायचा आणि स्वतःच बजावायचा. अशाने धंदा कसा चालतो, हे कोडं त्याच्या वडिलांनाही सुटलं नव्हतं.

"समर्थभाऊ, ये डब्बा जेवणासोबत हाय. जेवणाच्या बदल्यात नाय."

"भाकरीनं पोट सुटतं."

"तुमचं पोट पाठीला लागलंय. आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही टायमाला एकच खांदा मारताय. तो जुडणार कधी? झोपता किती?"

"पायपुसण्याला झोप लागत न्हाई," समर्थ म्हणाला आणि लोखंड उचललं.

घरी मात्र एक जीव हमजाच्या सांगण्याबरहुकूम जगत होता. तहसीलदाराला सकाळी हरभऱ्याचा भरडा, दूध, गावरान अंडी, कणकेचे तुपातले गोळे. एका घाटात पळाला की पुढचे आठ दिवस जू दाखवायचं नाही. गरम पाण्याचा शेक, तेलाची मालिश, शेततळ्यात पोहणं. दुपारी तो बसला की गोठ्याशेजारून कुणी ट्रॅक्टर न्यायचा नाही. एकदा भागूने नेला तर रामनाथने त्याला ट्रॅक्टरवरून ओढून खाली घेतलं होतं. हे सगळं करायचं काम समर्थकडे. तो मन लावून करायचा. बैलाच्या मांडीवर तेल चोळताना त्याच्या स्वतःच्या खांद्यात सुई फिरायची, आणि तो बैलाला म्हणायचा, "निवांत राव. अंग भरून येऊ दे." मग उठून रिकाम्या पोटी रणगाडा ढोसायचा आणि पुन्हा जिमला जायचा. यात काही विसंगत आहे, असं त्याला कधी वाटलं नाही. बैल तो बैल.

आई, सारजाबाई, बैलाचे गोळे वळता वळता दोन बाजूला काढायची. "ह्ये तरी खा."

"आई, ते बैलाचं हाय."

"मंग काय झालं? त्यो वाढतोय की."

एकदा तिने जबरदस्तीने ताट पुढे सरकवलं तेव्हा समर्थने ते भिरकावलं. ते भिंतीवर आपटलं, कालवणाचा ओघळ दिनदर्शिकेवरच्या देवावरून खाली आला. रामनाथ खाटेवरून उठला नाही. त्याने एवढंच म्हटलं, "जोर आलाय पोराला." सारजाबाईने ताट उचललं. त्याची कड वाकली होती. तिने ते तसंच रामनाथला वाढायला घेतलं, आणि पुढे रोज घेतलं.

पलीकडे शेतांतून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या आभाळाकडे कान लावून उभ्या होत्या. घरात कुणी कुणाचं ऐकायचं म्हणून एवढा खर्च करत नव्हतं.

यात्रेच्या महिनाभर आधी आळेफाट्याच्या एका हॉटेलात समर्थ काळी कॉफी पीत बसला होता. शेजारच्या टेबलावरच्या ट्रकवाल्यांपैकी एकाने त्याला ओळखलं आणि मोबाईल पुढे धरला. "पावणं, ह्यो तुमीच ना? जरा हनुवटी दाखवा की."

समर्थने त्याला हनुवटी दाखवली नाही. त्याने त्याचं डोकं केसांनी धरून मिसळीच्या थाळीत घातलं आणि दाबून ठेवलं, तर्री नाकात जाऊन माणूस बुडबुडे सोडेपर्यंत. दुसरा उठला त्याला स्टीलच्या जगने मारलं. जगला पोचा पडला आणि त्या माणसाचा पुढचा दात कांद्याच्या वाटीत सापडला. तिसरा पळाला. मालकाने रामनाथला फोन केला. दोन्ही बाजूंची मिटवामिटवी झाली, आणि परतताना मोटरसायकलवर मागे बसलेल्या रामनाथने मुलाच्या दंडाला हात लावून पाहिला. बैल विकत घेताना लावतात तसा.

"तिघं व्हते?"

"दोनच. एक गेला पळून."

 घरी आल्यावर रामनाथ बराच वेळ फडताळातल्या रणगाड्याच्या डब्याकडे पाहत बसला.

त्यानंतर डबा हलका व्हायला लागला.

समर्थच्या लक्षात आलं तेव्हा त्याने तपास केला नाही. तपासाला शांत डोकं लागतं, आणि त्याच्या तेव्हा कानांतून वाफ निघायची. तो थेट टोमॅटोच्या वाफ्यात गेला. भागू बांधाला टेकून झोपला होता. समर्थने त्याला झोपेतच पोटात लाथ घातली, मग उठवून उभा केला आणि नीट मारला. भागूचा एक डोळा वांग्यासारखा सुजला. त्याने हात उचलला नाही. फक्त श्वास परत आल्यावर म्हणाला,

"मी तुज्या डब्याला शिवलो पण न्हाई. मी काय म्हनून शिवू? मी जेवतो."

या उत्तराने समर्थ इतका चिडला की त्याने आणखी एक ठेवून दिली.

यात्रेचा दिवस उजाडला. आदल्या संध्याकाळपासून समर्थने पाण्याचा थेंब घेतला नव्हता, कारण पाणी तोडलं की शिरा दिसतात असं त्याने मोबाईलवर पाहिलं होतं, आणि यंदाचा व्हिडिओ वेगळा निघायला हवा होता. शिरा खरंच दिसत होत्या. दंडावर, मानेवर, कपाळावर. एखाद्या जुन्या वडासारखा तो पिकअपमधून उतरला. घाटावर हलगी वाजत होती, भंडारा उडत होता. जनावरांच्या डॉक्टरांनी सकाळीच बैल तपासून दाखला दिला होता. समर्थने गाडीमागे जाऊन रणगाड्याचे दोन चमचे नुसतेच जिभेवर टाकले आणि कोरडेच गिळले.

पुकारा झाला. "खोडदकर रामनाथशेठ यांचा तहसीलदार, पुढच्या जोडीला!"

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "पायपुसणं आलं का रं संगं?" आणि हशा पिकला.

जुंपताना बैलाने पहिल्याच झटक्यात एका माणसाला कुंपणावर भिरकावलं. हे काही विशेष नव्हतं. चांगला बैल एखाददुसरा माणूस भिरकावतोच. पण त्याचे डोळे पांढरे झाले होते, कातडीखाली मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखी थरथर चालली होती, आणि तो जमीन उकरत नव्हता, खोदत होता. समर्थने कासरा दोन्ही मुठींभोवती दोन वेढे देऊन आवळला. वेढे द्यायचे नसतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. त्याने दिले. मग तो बैलाच्या तोंडाशी वाकला.

बैलाच्या ओठांवर लालगुलाबी फेस होता. कलिंगडाचा वास येत होता.

समर्थने मान वळवून बापाकडे पाहिलं. रामनाथ बैलाच्या खांद्याशी उभा होता, गळ्यातल्या टॉवेलला बोटं पुसत. टॉवेलावर त्याच रंगाचे डाग होते. माणसाला एक चमचा, तर एवढ्या मोठ्या जनावराला किती, हा हिशोब त्याने शेतातल्या औषधासारखा केला असणार: टाकी मोठी, डोस मोठा. डबा कुणी हलका केला ते समर्थला कळलं. भागू दुसऱ्या बैलाचा कासरा धरून शेजारीच उभा होता, उरलेल्या एका डोळ्याने निशाणाकडे बघत.

एक शब्द पुरला असता. "बैल बाहेर काढा" म्हटलं असतं तर कमिटीने काढला असता. मग बारी गेली असती, बापाची इज्जत गेली असती, आणि पुढच्या यात्रेला कासरा भागूच्या हातात गेला असता. कायमचा. समर्थने हे सगळं फार वेळ तोललं असं म्हणता येणार नाही. त्याने तोंड मिटलं आणि पाय रोवले.

एकाच डब्यातलं खाऊन दोघं कासऱ्याच्या दोन टोकांना उभे होते.

बैलाने मुंडी खाली घेतली आणि डावीकडे झटकली. शिंग रामनाथच्या बरगड्यांत गेलं. आवाज वाळक्या तुराट्या मोडल्यासारखा आला. रामनाथ हवेत उचलला गेला, एकदा वळला आणि बैलाच्या पुढच्याच पायांत पडला. बैलाने त्याच्यावर पाय दिला, काढला, पुन्हा दिला. लोक ओरडत मागे सरले. समर्थला बापाचं तोंड दिसत होतं. उघडं, आवाज नसलेलं, दातांत माती. कासरा सोडून वाकला असता तर बापाला ओढून काढता आलं असतं.

त्याने कासरा धरून ठेवला.

भागूने पाय लांब करून, आपला बैल न सोडता, चुलत्याला टाचेने ढकलत ढकलत बाजूला घेतलं. रामनाथ लोळत कडेला गेला.

तहसीलदार उसळत होता. समर्थचा खांदा, ज्याला वर्षभर एक दिवस सुट्टी मिळाली नव्हती, आतून फाटत गेला. त्याला ते ऐकू आलं. तरी बैल जागेवर होता. माईकवरचा माणूस पेटला. "बघा मंडळी बघा, बाप खाली पडलाय पण पठ्ठ्यानं कासरा सोडला नाही, याला म्हणतात मर्द मावळा!" आणि गर्दी, तीच गर्दी, शिट्ट्या मारू लागली.

निशाण पडलं.

भागूने हात सोडला आणि बाजूला उडी टाकली. समर्थनेही हात सोडला. म्हणजे सोडायचं ठरवलं. मुठी उघडल्या नाहीत. पाण्यावाचून सुकलेली, पावडरने पेटलेली, भाकरीला पारखी झालेली बोटं पेटक्याने आखडून दगड झाली होती, आणि वर कासऱ्याचे दोन वेढे. त्याने बोटांकडे पाहिलं. ती त्याची नव्हती.

मग गाडा निघाला. तो चारी बैलांच्या मध्ये, जोखडाच्या खाली, पूर्ण घाट फरफटत वर गेला. दगडांनी पाठीचं कातडं उतरवलं. एक खूर गुडघ्यावर पडला, एक कानावर. नाक कुठल्याशा दगडावर फुटलं. वर अंतिम रेषेपाशी कासरा तुटला तेव्हा तो गडगडत कडेला पडला, मुठींत तुकडा तसाच.

तहसीलदार थांबला नाही. जू मोडून, उरलेले बैल फेकून देऊन त्याने भेळेची गाडी उडवली, दोन मोटरसायकली तुडवल्या, एका म्हाताऱ्याच्या मांडीत शिंग घातलं, उभ्या ट्रॅक्टरला धडक दिली, मागे सरला, पुन्हा दिली. तिसऱ्या धडकेला त्याचे पुढचे पाय दुमडले. बसल्यासारखा बसला आणि तसाच मेला. तोंडातून लाल फेस आला होता. लोकांना ते रक्त वाटलं. थोडं होतंही.

बारी त्या दिवसातली सगळ्यात वेगवान ठरली.

दवाखान्यात बापलेकांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. रामनाथच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि एक फुप्फुसात टोचली होती. समर्थची लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची येत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या दिवशी काय खाल्लं होतंस?"

"प्री-वर्कआउट."

"मी खाल्लं काय, ते विचारलं."

समर्थ बराच वेळ आठवत राहिला. बाईंनी सांगितलं की त्याचे स्नायू तुटून रक्तात उतरलेत आणि मूत्रपिंडं ते गाळता गाळता दमलीत. आता नुसतं पडून राहायचं, सलाईन, आणि नंतर डाळ-भात. दोन्ही हातांची बोटं मिटवणाऱ्या आतल्या दोऱ्या मात्र तुटल्या आहेत, त्या पूर्वीसारख्या होतील असं वाटत नाही. सारजाबाई वाकडं ताट घेऊन रोज यायची आणि दोघांना आळीपाळीने भरवायची. घास एकसारखे, मोठे, बैलाच्या गोळ्यांएवढे. कुणी तोंड फिरवलं नाही. तिच्या हाताकडे बघून ती हिंमत होत नसे.

नवा व्हिडिओ आला होता. त्यावर आता पोवाडा लावला होता. पायपुसणं हे नाव मागे पडलं. लोक त्याला लोखंडी पंजा म्हणू लागले. हमजा भेटायला आला, खजूर ठेवून गेला. दारात वळून म्हणाला, "व्हिडिओ बघून चार पोरं आली जिमला. चौघांनी तोच डबा मागितला." हे सांगताना तो खूश होता की दुःखी, ते त्यालाही ठरवता आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी नदीकाठी तहसीलदाराचा दशक्रिया विधी झाला. आपल्याकडे नावाजलेल्या बैलाचा होतो, त्यात नवल नाही. 'घाटाचा सम्राट कै. तहसीलदार यांना भावपूर्ण श्रद्धांजली' असा मोठा फ्लेक्स होता. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, त्यात समर्थचा सर्वांत मोठा, बिनबाह्यांचा. डॉक्टरीणबाईंशी भांडून दोघं बापलेक गाडीने आले होते. महाराजांनी प्रवचनात सात्त्विक आहारावर दोन शब्द सांगितले. मग रामनाथ उठला. छातीला पट्टा, हातात तुटलेल्या कासऱ्याचा लांब तुकडा.

"ह्यो यापुढं समर्थचा," तो माईकवर म्हणाला. "त्यानं धरला."

टाळ्या पडल्या. समर्थ पुढे आला. भागूही टाळ्या वाजवत होता. डोळा आता पिवळा झाला होता. रामनाथने कासरा पुढे केला, आणि माईक खाली घेऊन मुलाच्या कानाशी, जवळजवळ ओठ न हलवता विचारलं,

"जुंपताना तू वाकला व्हतास. त्याचं तोंड दिसलं व्हतं तुला?"

समर्थला खोटं बोलता आलं असतं. दहा दिवस झोप आणि वरण-भात मिळाल्याने डोकं शांत झालं होतं. बहुतेक त्यामुळेच जमलं नाही.

"दिसलं व्हतं."

"आन् गप बसलास."

"तुमीच घातलं व्हतं, अण्णा."

रामनाथने त्याच कासऱ्याने त्याच्या तोंडावर फटका मारला. नाक नुकतंच बसवलं होतं. ते पुन्हा गेलं. दुसरा मानेवर, तिसरा उघड्या पाठीच्या खपल्यांवर. समर्थ हलला नाही, हातही वर केले नाहीत. लोक धावले नाहीत. बैलावर लेकरासारखी माया होती हो, बायका म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावले. महाराज हात जोडून उभे राहिले. पाचव्या-सहाव्या फटक्याला रामनाथच्या बरगड्यांनी साथ सोडली. त्याचा श्वास अडकला, कासरा हातातून गळाला, आणि तो वाळूत बसला, बैल बसला होता तसा.

"स्वतःला मारता येत न्हाई रं," तो म्हणाला. हे माईकवर गेलं नाही.

समर्थ त्याच्यासमोर गुडघ्यांवर आला. नाकातून रक्त वाळूत टपकत होतं. कासरा उचलून बापाच्या हातात परत द्यावा म्हणून त्याने बोटं पुढे केली. बोटं कासऱ्यावर पडली आणि तशीच राहिली, मिटेनात. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग दोन्ही मनगटांत कासरा धरून, दाबून, लहान मूल पेला उचलतं तसा तो उचलला आणि बापाच्या मांडीवर ठेवला.